नको असलेले घाऊक ई-मेल आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न मागता येणाऱ्या जाहिराती, 'तुमचं कर्ज मंजूर झालं आहे' असे मेल, एकदा कुठेतरी पत्ता दिला म्हणून वर्षानुवर्षं येत राहणारी पत्रं. यांच्याविरुद्ध कायद्याने काय करता येतं, हे बरेच जण विचारतात. पुढची उत्तरं मुख्यतः भारतात राहणाऱ्यांसाठी आहेत. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात असलेल्या मराठी मंडळींना तिथले कायदे लागू होतात, म्हणून तेही आले आहेत. मोठी रक्कम गेली असेल किंवा खटला भरायचा असेल, तर वकिलाला विचारूनच पुढे जा.

स्पॅम म्हणजे फक्त फसवणुकीचे मेल, की साध्या जाहिरातीसुद्धा?

बोलताना आपण दोन्हींना स्पॅमच म्हणतो. कायद्यासाठी मात्र ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या फरकावर अवलंबून आहेत.

पहिल्या प्रकारात पाठवणारा उघड असतो: बँक, विमा कंपनी, कपड्यांचं दुकान, क्लासवाले, बिल्डर. त्याचं नाव, नोंदणी, कार्यालय सगळं सापडतं. तो चोर नाही, पण तुमची परवानगी त्याने घेतलेली नसते, किंवा एका कामासाठी घेतलेली परवानगी तो दुसऱ्याच कामाला वापरतो. दुसऱ्या प्रकारात पाठवणारा लपलेला असतो. नाव खोटं, पत्ता खोटा, आणि मेल सुटतो तो तिसऱ्याच कुणाच्या तरी व्हायरस लागलेल्या संगणकावरून. पहिल्याला कायद्याने वठणीवर आणता येतं. दुसऱ्यासाठी कायदा लागतोच, पण तो एकटा पुरत नाही.

नुसती जाहिरात आली तर एवढं काय बिघडलं? डिलीट करून टाकावी.

एक मेल डिलीट करायला दोन सेकंद लागतात हे खरं. पण दहा लाख लोकांना मेल पाठवायला पाठवणाऱ्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तो साठवण्याचा, गाळण्याचा आणि वाचून फेकण्याचा खर्च घेणाऱ्यावर आणि त्याला मेलसेवा देणाऱ्यावर पडतो. बैरंग पत्राचे पैसेही घेणाऱ्यालाच भरावे लागत, पण ते निदान नाकारता येत असे.

शिवाय या ढिगात कामाचा मेल हरवतो. सेवानिवृत्त माणसाचा पेन्शन कार्यालयाचा मेल, मुलीचं मुलाखतीचं बोलावणं, प्रयोगशाळेचा रिपोर्ट चाळीस जाहिरातींखाली दबून गेला, तर ते नुकसान कुठल्याच हिशेबात येत नाही. सुरक्षा कंपन्यांच्या मोजणीत गेली काही वर्षं जगातल्या एकूण ई-मेलपैकी निम्म्याच्या आसपास मेल स्पॅम असतात.

हे सुरू कधी झालं?

३ मे १९७८ रोजी. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीतल्या गॅरी थुएर्क या विक्री अधिकाऱ्याने नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यावरच्या, सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. तेव्हाही लोक चिडले होते.

भारतात नको असलेल्या ई-मेलविरुद्ध वेगळा कायदा आहे का?

नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात घाऊक जाहिरात-मेलबद्दल स्वतंत्र कलम नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, युरोपीय संघ या सगळ्यांकडे तशी तरतूद आहे. ई-मेल वापरणाऱ्यांची एवढी प्रचंड संख्या असलेल्या देशात ती नसावी, ही मला मोठी उणीव वाटते.

पण कलम ६६अ होतं ना? त्यात त्रासदायक ई-मेलचा उल्लेख होता असं ऐकलं आहे.

बरोबर ऐकलं आहे. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६अ मध्ये (क) असं उपकलम होतं. त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, अथवा मेल कुठून आला याबद्दल दिशाभूल व्हावी म्हणून पाठवलेला ई-मेल त्यानुसार गुन्हा ठरत होता आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती. स्पॅमवर वापरता येईल असं आपल्या कायद्यात एवढंच होतं.

पण हे कलम वापरलं गेलं भलत्याच ठिकाणी. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर फेसबुकवर प्रश्न विचारणारी एक तरुणी आणि तिची पोस्ट लाइक करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना पालघरमध्ये अटक झाली. त्या घटनेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने संपूर्ण ६६अ रद्द केलं. 'त्रास' आणि 'गैरसोय' या शब्दांना काही मोजमापच नाही, कुणाच्याही बोलण्याने कुणाला तरी त्रास होतोच, असा त्या निकालाचा गाभा आहे. कलम गेलं, त्याबरोबर दिशाभूल करणाऱ्या मेलबद्दलचा भागही गेला. त्या जागी संसदेने अजून काही आणलेलं नाही.

निकाल योग्यच होता. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने हाच धडा आधी घेतला होता. तिथे जेरेमी जेन्स या माणसाला २००४ मध्ये खोट्या ओळखीने स्पॅम पाठवल्याबद्दल दोषी ठरवून पुढे नऊ वर्षांची शिक्षा दिली गेली. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, कारण त्यात जाहिरातीबरोबर निनावी राजकीय आणि धार्मिक मेलही अडकत होते. ओळख लपवून सरकारवर टीका करण्याचा हक्क त्या कायद्याने मारला जात होता. स्पॅमविरोधी कायद्याने मजकुराला हात घालू नये. मेल व्यावसायिक आहे का, घेणाऱ्याने संमती दिली होती का आणि पाठवणाऱ्याने स्वतःची ओळख खरी सांगितली का, एवढंच त्याने पाहावं. ६६अ ने यातलं काहीच धडपणे विचारलं नव्हतं.

एसएमएस आणि फोनसाठी डीएनडी आहे. ई-मेलसाठी का नाही?

कारण डीएनडी ('डू नॉट डिस्टर्ब', नको असलेले फोन आणि एसएमएस थांबवण्याची नोंद) हा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा नियम आहे. १९०९ वर नोंद करता येते, जाहिरातीच्या एसएमएसच्या शीर्षकाला शेवटी 'पी' अक्षर लावावं लागतं, आणि फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर नको असलेल्या फोनची किंवा एसएमएसची तक्रार सात दिवसांच्या आत करता येते. हे सगळं मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावरून येणाऱ्या फोन आणि एसएमएसपुरतं आहे. संचार साथी या सरकारी पोर्टलवरची 'चक्षू' ही तक्रारीची सुविधासुद्धा फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲपसाठी आहे, तिथे ई-मेलची तक्रार चालत नाही.

'ई-मेल नको' अशी राष्ट्रीय यादी करावी, असं सुचवलं जातं. अमेरिकेत संसदेने फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाला नेमकं याच कामाचा अभ्यास करायला सांगितलं होतं. जून २००४ मध्ये आयोगाने उत्तर दिलं की पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची पक्की सोय नसताना अशी यादी केली, तर स्पॅमवाल्यांना चालू पत्त्यांचा आयता साठा मिळेल. फोन कंपनीला कुणाचा नंबर कुणाचा आहे हे माहीत असतं. ई-मेलमध्ये तसा दरवान नाही.

नवा डेटा संरक्षण कायदा आला आहे. त्याने फरक पडेल का?

पडेल, पण मर्यादित. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात.

तुमचा ई-मेल पत्ता हा वैयक्तिक डेटा आहे. तो वापरायचा तर संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामासाठीची आणि स्पष्ट असावी लागते. फॉर्मवर आधीच टिक मारून ठेवलेला चौकोन अशा संमतीत बसणार नाही. संमती देणं जितकं सोपं होतं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत पाहण्याचा पर्यायही द्यावा लागतो, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. हा हक्क जरूर वापरा. बारीक अक्षरांतल्या इंग्रजीखाली सही करून दिलेल्या संमत्यांनीच बहुतेक इनबॉक्स भरले आहेत.

कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे. बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, पैसे मिळाल्याचा संदेश मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर देते. दुकानदार त्या नंबरवर पावती पाठवू शकतो. त्याच न्यायाने पावतीसाठी घेतलेला ई-मेल 'सणासुदीची खास सवलत' पाठवायला वापरता येणार नाही. दुकानात बिल करताना 'मॅडम, ई-मेल आयडी?' असं सहज विचारलं जातं. तेव्हा 'फक्त बिलासाठी' एवढे दोन शब्द तोंडाने म्हणायची सवय लावून घ्या.

आता उणिवा. तुम्ही स्वतः जाहीर केलेल्या डेटाला हा कायदा लागूच होत नाही. आपल्या संकेतस्थळावर किंवा व्यवसायाच्या पानावर ई-मेल छापणारा वकील, डॉक्टर, फोटोग्राफर यांचं संरक्षण इथे संपतं, आणि घाऊक जाहिरातवाले पत्ते गोळा करतात ते बहुधा तिथूनच. दुसरं, दंड मोठे आहेत, डेटा नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत, पण ती रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. ज्याला त्रास झाला त्याला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही. ती असती, तर कंपन्या कितीतरी लवकर सुधारल्या असत्या, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत तर कडक कायदा आहे म्हणतात. मग तिथून एवढे जाहिरातीचे मेल कसे येतात?

कारण तो कायदा वाटतो तेवढा कडक नाही. कॅन-स्पॅम कायद्यावर १६ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली आणि १ जानेवारी २००४ पासून तो लागू झाला. पाठवणाऱ्याची माहिती खोटी नको, विषयाची ओळ फसवी नको, ही जाहिरात आहे हे कळलं पाहिजे, खरा टपाली पत्ता हवा, आणि 'पुरे' म्हणायची सोय हवी. तुम्ही 'पुरे' म्हटल्यावर दहा कामाच्या दिवसांत मेल थांबले पाहिजेत. दंड एका मेलमागे कमाल ५३,०८८ डॉलर, हा २०२५ चा आकडा.

एवढं असूनही आधी परवानगी घेण्याची अट त्यात नाही. कोणीही तुम्हाला पहिला मेल पाठवू शकतो, नाही म्हणायची जबाबदारी तुमची. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २००३ मध्येच उलटा नियम केला होता: आधी संमती, नाहीतर प्रत्येक मेलमागे १,००० डॉलर, आणि सामान्य माणसालाही दावा करता येईल. तो १ जानेवारी २००४ पासून लागू व्हायचा होता. नेमक्या त्याच दिवशी लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने तो निष्प्रभ केला. फसवणुकीबद्दलचे राज्यांचे नियम तेवढे शिल्लक राहिले. आणि केंद्रीय कायद्यात सामान्य माणसाला दाव्याचा हक्कच दिला नाही. दावा करायचा तो फेडरल ट्रेड कमिशन या आयोगाने, राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी, नाहीतर इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांनी.

त्यामुळे कारवाया मोजक्याच होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हरकाडा या सुरक्षा-कॅमेरे विकणाऱ्या कंपनीवर २९.५ लाख डॉलरचा दंड बसला. या कायद्याखाली आयोगाने तोवर मिळवलेला तो सर्वांत मोठा दंड. तीन वर्षांत तीन कोटींहून अधिक मेल गेले होते, आणि त्यांत थांबवण्याची सोय नव्हती, मागणी मानली नव्हती किंवा टपाली पत्ताच दिला नव्हता, असा आरोप होता. तीन कोटी मेलना भागून पाहा, एका मेलमागे दंड किती पडला ते.

'आज शेवटचा दिवस!' असं लिहून रोज मेल येतो. ही फसवणूक नाही का?

वॉशिंग्टन राज्यात आहे. तिथला व्यावसायिक ई-मेलचा कायदा १९९८ चा. विषयाच्या ओळीत खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती असेल तर मेल मिळणारा माणूस एका मेलमागे ५०० डॉलर मागू शकतो. ओल्ड नेव्ही या कपड्यांच्या दुकानसाखळीविरुद्धच्या प्रकरणात प्रश्न असा आला, की मेल जाहिरातीचा आहे हे लपवलं तरच ती ओळ खोटी समजायची, की सेल कधी संपतो हे चुकीचं सांगितलं तरीसुद्धा? एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कुठलंही खोटं चालणार नाही. त्यानंतर अनेक विक्रेत्यांवर तसेच दावे झाले. मोजक्या शब्दांची ओळ, ठरलेली रक्कम, आणि दावा करण्याचा हक्क थेट ग्राहकाच्या हातात. असा कायदा असला की कंपन्या मेल पाठवण्याआधी विचार करतात.

भारतात हाच मुद्दा दुसऱ्या दाराने नेता येतो. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे ग्राहकाला फसवून वळवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई निर्माण करणं, पुन्हा पुन्हा टोचत राहणं आणि सदस्यत्व सोडणं मुद्दाम अवघड करणं हे तिन्ही त्यांत आहेत. ई-मेलमधली जाहिरात हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जाहिरातच. ती दिशाभूल करणारी असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. सलग आठवडाभराच्या 'शेवटच्या दिवसां'चे स्क्रीनशॉट जवळ असले तर तक्रारीला वजन येतं.

'आधी विचारा' असा नियम कुठे आहे?

युरोपीय संघात २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशाच्या कलम १३ पासून. ब्रिटनमध्ये २००३ च्या नियमांपासून. तुम्ही आधीचे ग्राहक असाल तर तशाच वस्तूंबद्दल मेल पाठवता येतो, मात्र पत्ता घेताना आणि नंतर प्रत्येक मेलमध्ये नाही म्हणायची संधी द्यावी लागते.

कॅनडाचा कायदा १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि तो मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो. संमती होती हे पाठवणाऱ्याने सिद्ध करायचं. खरेदी केल्यावर दोन वर्षं आणि नुसती चौकशी केल्यावर सहा महिने संमती गृहीत, पुढे नाही. 'आम्ही तुम्हाला मेल पाठवू का?' असं विचारणारा मेलसुद्धा व्यावसायिक संदेशच धरला जातो. दंड व्यक्तीला १० लाख आणि कंपनीला १ कोटी डॉलरपर्यंत. तरी तिथेही सामान्य माणसाच्या दाव्याचा हक्क, जो जुलै २०१७ मध्ये सुरू व्हायचा होता, ऐनवेळी स्थगित केला गेला.

ऑस्ट्रेलियाचा कायदा २००३ चा, एप्रिल २००४ पासून लागू. तिथे २०२३ मध्ये कॉमनवेल्थ बँकेला ३५.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. मेल बंद करायचे तर आधी लॉगिन करा, अशी सक्ती सहा कोटींहून अधिक मेलमध्ये होती. आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या हेच करतात. इस्रायलमध्ये २००८ पासून नुकसान सिद्ध न करताही एका संदेशामागे १,००० शेकेलपर्यंत भरपाई मागता येते.

कायद्याने स्पॅम खरोखर कमी होतो का?

पहिल्या प्रकारचा, म्हणजे उघड कंपन्यांचा, होतो. दुसऱ्या प्रकारासाठी कायदा चोराच्या नव्हे, त्याच्या सोयीसुविधांच्या मागे लावावा लागतो.

नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तिच्या पुरवठादारांनी तोडली. बॉटनेटची, म्हणजे व्हायरस लागलेल्या आणि दुरून चालवल्या जाणाऱ्या संगणकांच्या फौजांची, सूत्रं तिथून हलत होती. जगभरातला स्पॅम जवळजवळ एका रात्रीत निम्म्याहून खाली आला, आणि काही महिन्यांत परत वर गेला. यात न्यायालयाचा आदेश नव्हता. मार्च २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या न्यायालयातून आदेश मिळवून रस्टॉक बॉटनेटचे सर्व्हर अमेरिकेच्या अनेक शहरांतून एकाच वेळी जप्त करवले. सुमारे दहा लाख बाधित संगणक त्या टोळीच्या हाताखाली होते.

तिसरा मार्ग पैशांचा. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या वस्तू स्वतः विकत घेतल्या आणि पैसे कुठे जातात ते शोधलं. औषधं, नकली ब्रँड आणि सॉफ्टवेअर या तिन्ही प्रकारांतल्या ९५ टक्के मालाचे पैसे मूठभर बँकांमधून जात होते. संगणक लाखो, पण कार्डाचे पैसे स्वीकारणाऱ्या बँका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. नळ तिथे बंद करता येतो.

खाजगी नियमांनीही बरंच काम झालं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशेबात जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल) ओळख पटवण्याची तांत्रिक व्यवस्था आणि जाहिरातीच्या मेलला एका क्लिकमध्ये थांबवण्याचं बटण सक्तीचं केलं. हजारात तीन जणांनी स्पॅम म्हटलं की त्या कंपनीचे मेल अडकू लागतात. 'पुरे' म्हटल्यावर मेल थांबवायला कॅन-स्पॅम दहा कामाचे दिवस देतो, इथे दोन दिवस मिळतात. परिणाम चांगला आहे, पण सार्वजनिक हिताचा नियम दोन कंपन्यांच्या मर्जीवर राहू नये. उद्या त्यांनी तो बदलला तर दाद कुठे मागणार?

'अनसबस्क्राइब'वर क्लिक करावं का?

ओळखीच्या कंपनीचा मेल असेल तर जरूर. शक्यतो मेलसेवेने वरच्या बाजूला दिलेलं बटण वापरा. अनोळखी, संशयास्पद मेल असेल तर मुळीच नको. तिथे क्लिक केल्याने तुमचा पत्ता चालू आहे एवढंच त्यांना कळतं. तो स्पॅम म्हणून नोंदवा आणि सोडून द्या.

मेल खरा कुणी पाठवला, हे कसं ओळखायचं?

जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांमधून 'शो ओरिजिनल' निवडा. वर एक छोटा तक्ता दिसतो: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. मेल खरंच त्या पाठवणाऱ्याचा आहे का, हे तपासणाऱ्या या तीन तांत्रिक चाचण्या. मेल बँकेच्या नावाने आहे आणि डीमार्कसमोर 'फेल' लिहिलं आहे, तर तो बँकेचा असण्याची शक्यता जवळजवळ नाही. पण 'पास' दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. कोणत्या डोमेनसाठी (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावासाठी) पास, ते वाचा. बँकेच्या नावात एखादं अक्षर बदलून घेतलेलं डोमेनसुद्धा स्वतःपुरतं पास होतं.

खाली 'रिसीव्हड'ने सुरू होणाऱ्या ओळींची चळत असते. ती खालून वर वाचायची, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चिकटवतो. सर्वांत वरच्या, तुमच्या मेलसेवेने लिहिलेल्या ओळींवरच भरवसा ठेवा. खालच्या ओळी पाठवणारा स्वतः रचू शकतो. ज्या ठिकाणी भरवशाची ओळ संपते, तिथे दिसणारा आयपी पत्ता पोलिसांच्या कामाचा.

फसवणुकीचा मेल आला आणि पैसे गेले. काय करू?

लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि बँकेला लेखी कळवणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड, म्हणजे संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक, इथे लागू होतं: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कुणाचा पासवर्ड किंवा डिजिटल ओळख वापरली असेल तर ६६क. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ सोबत येतं.

भरपाई हवी असेल तर कलम ४६ खालचा निर्णय अधिकारी आहे. प्रत्येक राज्यात माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव हे काम पाहतात, आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. फार थोड्या लोकांना हा रस्ता माहीत असतो. मात्र संगणकात घुसखोरी, व्हायरस, सेवा बंद पाडणं असं काही झालेलं असावं लागतं. नुसत्या जाहिरातीच्या मेलला तो दरवाजा उघडत नाही.

राजकीय पक्षांचे आणि देणग्या मागणारे मेल?

कॅन-स्पॅम फक्त व्यावसायिक मेलसाठी आहे, त्यामुळे अमेरिकेत राजकीय मेल त्यातून सुटतात. आपल्या डेटा संरक्षण कायद्यात पक्षांना नाव घेऊन सूट दिलेली नाही. तेव्हा 'माझा पत्ता कुठून मिळाला?' हा प्रश्न पक्षालाही लेखी विचारता येईल.

माझा छोटा घरगुती व्यवसाय आहे. पुण्यातून मसाले पाठवते. ग्राहकांना मेल पाठवू शकते का?

पाठवू शकता. ऑर्डर घेताना 'नव्या मालाची माहिती ई-मेलने हवी का?' असा वेगळा, रिकामा चौकोन ठेवा. ज्यांनी टिक केलं त्यांचीच यादी करा, आणि कुणी कधी संमती दिली त्याची तारीख लिहून ठेवा. प्रत्येक मेलमध्ये तुमचं खरं नाव, पत्ता आणि थांबवण्याचा सोपा मार्ग द्या. सगळ्यांचे पत्ते 'टू'मध्ये टाकून एकच मेल धाडू नका, त्याने प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला कळतो. विकत मिळणाऱ्या 'दोन लाख ई-मेल फक्त पाचशे रुपयांत' अशा याद्यांना हात लावू नका. त्यातल्या एकाही माणसाने तुम्हाला होकार दिलेला नसतो.

टोरांटो, लंडन किंवा मेलबर्नला ग्राहक असतील तर तिकडचा कायदा तुमच्या मेललाही लागू होतो, मेल पुण्यातून सुटला तरी. कॅनडातल्या ग्राहकाने दिवाळीच्या फराळाची ऑर्डर दिली असेल, तर पुढची दोन वर्षं मेल पाठवता येतील. त्या मुदतीत त्याने पुन्हा काही घेतलं नाही आणि स्पष्ट होकारही दिला नाही, तर त्याचं नाव यादीतून काढा.

तक्रार करायची असेल तर पुरावा काय ठेवावा?

मूळ मेल डिलीट करू नका आणि तो नुसता फॉरवर्डही करू नका, फॉरवर्ड करताना मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला हे सांगणाऱ्या ओळी, निघून जातात. 'शो ओरिजिनल'च्या पानावरून पूर्ण फाइल उतरवून घ्या. तुम्ही कधी अनसबस्क्राइब केलं त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, आणि त्यानंतर आलेला प्रत्येक मेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये जमवा. स्पॅम फोल्डरमधले मेल जीमेल ३० दिवसांनी आपोआप काढून टाकतं, म्हणून तक्रारीचे मेल तिथून बाहेर काढून ठेवा.